जावजी दादाजी चौधरी

जावजी दादाजी चौधरी (१८३९ – ५ एप्रिल १८९२) हे मुंबईतील मुद्रक, प्रकाशक आणि देवनागरी टाइपांच्या ओतशाळेचे मालक होते. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. बोरूचे वळण राखणारा ठळक, भरदार देवनागरी टाइप त्यांच्या छापखान्यावरूनच ‘निर्णयसागर टाइप’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

त्यांचा जन्म मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर लागले. पगार दरमहा दोन रुपये. टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली तेथे देशी लिप्यांचे टाइप तयार होत. पुढे इतर छापखान्यांतही नोकरी करून १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला.

निर्णयसागरचे अक्षर

छापील ग्रंथाविषयी त्या काळी सनातनी समाजात संशय होता. शाईत चरबी असते या समजुतीमुळे छापलेली पोथी पूजेअर्चेत वर्ज्य मानली जाई. जावजींच्या आधीच्या पिढीतील गणपत कृष्णाजी यांनी शाईत तूप वापरून या शंकेचे निरसन केल्याचे सांगतात. शाईचा प्रश्न असा सुटला तरी डोळ्यांचा उरलाच. हस्तलिखित पोथीवर वाढलेल्या वाचकाला किरटे, परके वाटणारे अक्षर रुचणे कठीण होते. तिरक्या कापाच्या बोरूने काही रेघा जाड, काही बारीक उमटतात. निर्णयसागरच्या टाइपात हा जाड-बारीकपणा पोलादी ठशात उतरला. म्हणूनच मोठ्या आकारात, पोथीच्या आडव्या सुट्या पानांवर तो विशेष शोभतो.

हे ठसे कोरण्याचे श्रेय राणोजी रावजी आरू या कारागिराकडे जाते. जावजींच्या चरित्रात त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो, हे न्याय्य नाही. पोलादावर उलटे अक्षर कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा, मग त्यात शिशाचे मिश्रण ओतायचे, असा हा क्रम असे. इंग्रजीला दोन प्रकारची सव्वीस अक्षरे आणि अंक-चिन्हे पुरतात. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात. त्या सर्वांची जाडी आणि शिरोरेषा जुळली नाही, तर ओळ तुटक दिसते.

प्रकाशने

१८८१ मध्ये सुरू झालेले, विनायक कोंडदेव ओक यांनी संपादित केलेले ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक निर्णयसागरचेच. १८८६ पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ निघू लागली आणि अनेक दुर्मिळ संस्कृत काव्ये प्रथमच छापली गेली. पाठशुद्धतेसाठी निर्णयसागरच्या आवृत्त्या संस्कृतच्या अभ्यासकांना आजही लागतात.

जावजींच्या निधनानंतर छापखान्याचा कारभार त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी सांभाळला.