दुर्गाबाई आणि आमचं भित्तिपत्रक

मागच्या सेमची गोष्ट. हॉस्टेलच्या भित्तिपत्रकासाठी एका ज्युनियरने मेसच्या हिशेबावर लेख दिला होता. आकडे बरोबर होते, भाषाही सभ्य होती. तरी मी तो लावला नाही. मला कुणीही अडवलं नव्हतं. समोर व्हायव्हा आहेत, उगाच कुणाच्या नजरेत कशाला यायचं, असा विचार केला आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. सुट्टीत दुर्गा भागवतांबद्दल वाचताना तो कागद सारखा आठवत राहिला.

दुर्गाबाईंचा जन्म १९१० चा, इंदूरचा. केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या शास्त्रज्ञ कमला सोहोनी या त्यांच्या धाकट्या बहीण. दुर्गाबाईंनी मात्र लोकसाहित्याची वाट धरली. मध्य प्रांतात आदिवासींमध्ये अभ्यास करत फिरताना विषबाधा झाली आणि काही वर्षं आजारपणात गेली. बऱ्या झाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ ही त्यांची पुस्तकं आपल्या लायब्ररीतही सापडतील. थोडक्यात, बाई राजकारणातल्या नव्हत्या, पुस्तकांत रमणाऱ्या होत्या.

२५ जून १९७५ ला आणीबाणी जाहीर झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, माणसं विनाचौकशी तुरुंगात गेली. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या दुर्गाबाई, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. स्थानबद्धतेतून सुटलेले जयप्रकाश नारायण तेव्हा मूत्रपिंडाच्या विकाराने गंभीर आजारी होते. दुर्गाबाई लोककथांवर बोलून घरी गेल्या असत्या तरी टाळ्या मिळाल्याच असत्या, आणि कुणी दोषही दिला नसता. पण त्यांनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली आणि भर संमेलनात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली.

१९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्याच वर्षी २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ मतांनी ठरवलं, की आणीबाणीत अशा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही. म्हणजे आत टाकलेल्या माणसाला विचारायला जागाच उरली नाही. हा निकाल चुकीचा होता, हे त्याच कोर्टाने सांगायला २०१७ साल उजाडलं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं ठरवलं, त्याच खटल्यात.

तुरुंगातून सुटल्यावर १९७७ च्या निवडणुकीत दुर्गाबाई सत्ताधाऱ्यांविरुद्ध प्रचाराला उतरल्या. सरकार बदललं, पण म्हणून त्यांनी पद मागितलं नाही. पुढे सरकारी मानसन्मानही नाकारले. वाचन आणि लेखन मात्र चालूच राहिलं. ७ मे २००२ ला त्या गेल्या.

मंडळी, दुर्गाबाईंपुढे तुरुंग होता. माझ्यापुढे काय होतं? फार तर एक खडूस व्हायव्हा. सेन्सॉर नव्हताच, ते काम मीच फुकटात करून टाकलं होतं.

कॉलेज सुरू झाल्यावर त्या ज्युनियरच्या रूमवर गेलो. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून लेख लागला नाही, असं त्याने धरलं होतं. त्यानंतर त्याने एक ओळ लिहिली नव्हती. खरं कारण सांगताना माझी मान खाली होती. आता तो या सेमचे आकडे गोळा करतोय. लेख सोमवारी लागेल. खाली त्याचं नाव असेल, आणि संपादक म्हणून माझंही.