हेन्री डार्सी : वाळूतून जाणारं पाणी मोजणारा इंजिनिअर

माठातलं पाणी गार का होतं हे आपण मुलांना सांगतोच. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. सच्छिद्र खडकातही पाणी, वाफ आणि उष्णता अशीच फिरत असतात. पण ते मोजायचं कसं? याची सुरुवात ज्यांनी करून दिली ते हेन्री डार्सी.

त्यांचा जन्म १० जून १८०३ रोजी फ्रान्समधील दिजाँ शहरात झाला. चौदाव्या वर्षी वडील वारले, पण आईने शिक्षण थांबू दिलं नाही. पॅरिसला शिकून ते सरकारी इंजिनिअर झाले आणि आपल्याच गावी आले.

दिजाँचं पाणी तेव्हा फार खराब होतं. डार्सी यांनी १२ किलोमीटरहून लांबच्या रोझोआर झऱ्याचं पाणी झाकलेल्या पाटातून, केवळ उताराच्या जोरावर, १८४० मध्ये शहरात आणलं. या कामाचा मोठा मोबदला मिळत होता, तोही त्यांनी घेतला नाही. मला तर इथेच हा माणूस आवडला.

पुढे तब्येत ढासळली. दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. डार्सी यांनी १८५५ मध्ये दिजाँच्या हॉस्पिटलच्या आवारात माणसापेक्षा उंच नळ उभा केला, त्यात वाळू भरली आणि वरून पाणी सोडलं. वर दाब किती, खाली किती, मिनिटाला पाणी किती, एवढंच मोजायचं. पुन्हा पुन्हा मोजल्यावर दिसलं, की दाबातला फरक दुप्पट केला तर पाणीही दुप्पट येतं आणि वाळूचा थर दुप्पट जाड केला तर निम्मं. १८५६ मध्ये हे छापून आलं, तेही दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरच्या जाडजूड पुस्तकाच्या शेवटी, एका टिपणात! उष्णता कशी वाहते याचा असाच नियम फूरिए यांनी १८२२ मध्ये मांडला होता.

आज जमिनीखालच्या तापलेल्या खडकातून वाफ किती येईल हे काढताना हे दोन्ही नियम लागतात. वाफ दाबाने आकसते, म्हणून तिचं गणित थोडं किचकट होतं, पण पाया तोच. खडकातून द्रव किंवा वायू किती सहज जातो हे मोजायच्या एककालाही 'डार्सी' म्हणतात.

हे त्यांना पाहायला मिळालं नाही. पुस्तक आल्यावर दोनच वर्षांत, जानेवारी १८५८ मध्ये, पॅरिसला ते वारले. त्यांना दिजाँला आणून पुरलं, आणि तिथल्या एका मोठ्या चौकाला गावाने त्यांचं नाव दिलं.