बिडाचा नांगर, जिद्दीचा माणूस

मटेरियल सायन्सच्या पेपरात बीड म्हटलं की आपण डोळे झाकून एकच शब्द लिहितो – ठिसूळ! पण याच ठिसूळ धातूवर एका मराठी माणसाने अख्खं गाव उभं केलं. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंग नीट ओळखू येईनात. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून ते व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली, तशी नोकरीवर पाणी सोडलं आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींच्या दुकानात उतरले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत. दोन वर्षं नांगर खपेना! पुढे नगरपालिकेने जागाही सोडायला लावली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तर शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले.

आता यातली मेटलर्जी बघा. फाळ मातीत झिजू नये म्हणून कठीण हवा, दगडाला लागून तुटू नये म्हणून चिवटही हवा. साध्या बिडात हे जमत नाही, कारण ग्राफाइटच्या पापुद्र्यांपासून तडा सुरू होतो. रोलिंग मिलच्या रोलचं दुखणं तेच: बाहेरून तापलेलं पोलाद घासतं आणि आतून रोल वाकायला बघतो. १९४८ साली मॅग्नेशियमने ग्राफाइटचे गोळे करायची रीत जाहीर झाली. शेकडा ०.०४ च्या आसपास मॅग्नेशियम उरलं की काम होतं! हेच डक्टाइल आयर्न, आपल्या फाउंड्रीतलं एसजी. आज अनेक रोल दोन धातूंचे ओततात; बाहेरचं कवच कठीण, आतला गाभा एसजीचा.

ही रीत आली तेव्हा लक्ष्मणराव ७९ वर्षांचे होते. २६ सप्टेंबर १९५६ ला ते गेले. नोकरी सुटली, जागा गेली, लोखंड संपलं, पण माणूस तुटला नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूतल्या पहिल्या नकाराला खचणाऱ्या आपल्याला एवढं पुरे, नाही का?