संततिनियमन : एका शब्दाचा संसार

‘गर्भनिरोधक’ हा शब्द आज औषधांच्या दुकानात आणि सरकारी पत्रकांत सारख्याच निर्विकारपणे छापला जातो. परंतु ही साधने उघडपणे सांगणे म्हणजे चरितार्थावर पाणी सोडणे, असा काळ मुंबईत होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ते जाणूनबुजून सोडले.

महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र १८८२ साली जन्मले. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. मेरी स्टोप्सबाईंनी १९२१ साली लंडनमध्ये आपले केंद्र उघडले. त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. परिणामी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी गेली. १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. एका खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरीही दंड चुकला नाही. पत्नी मालतीबाईंनी या ओढगस्तीत साथ दिली. अपत्य नको हा निर्णय उभयतांचा होता.

आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना या विषयात प्रथम माल्थस आठवतो. वस्तुतः माल्थसला कृत्रिम साधने मान्यच नव्हती. त्याचा भर उशिरा विवाह व संयम यांवर होता. महात्मा गांधीही संयमाच्याच बाजूचे. कर्व्यांचे गणित निराळे. लोकसंख्येचा विचार त्यांनी केला, पण केंद्रस्थानी होती स्त्रीची प्रकृती, तिची इच्छा आणि, हे सांगण्याचे धैर्य फारच थोड्यांजवळ होते, तिचे कामसुखही. ‘नियमन’ म्हणजे बंदी नव्हे. केव्हा आणि किती हे स्वतः ठरविणे.

१९५२ मध्ये सरकारने कार्यक्रम हाती घेतला; पुढच्याच वर्षी कर्वे निवर्तले. ‘संततिनियमना’ची जागा ‘कुटुंबनियोजना’ने घेतली आणि व्यक्तीच्या निर्णयाचे खात्याच्या उद्दिष्टात रूपांतर झाले. आणीबाणीत सक्तीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९७७ मध्ये ‘नियोजना’ऐवजी ‘कल्याण’ हा शब्द आला. योगशास्त्रात चित्तवृत्ती आवरण्यासाठी योजलेला ‘निरोध’ हा शब्द १९६८ साली सरकारी कंडोमचे नाव झाला, यातील विनोद कर्व्यांना नक्कीच रुचला असता.

पुढचा आकडा मात्र त्यांना रुचला नसता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे, पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के.