डॉक्टर आनंदीबाई जोशी

लग्न झाले म्हणजे विद्या आटोपली, असे कित्येक घरांत आजही समजतात. त्यांनी डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र अवश्य ध्यानात घ्यावे.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपालखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पती सुमारे वीस वर्षांनी वडील. पत्नी शिकलीच पाहिजे असा त्यांचा निर्धार होता. परंतु त्या निर्धारास मायेची जोड नेहमीच नसे. पुस्तक टाकून चुलीपाशी रमल्याबद्दल त्या मुलीने मारही सोसला. चौदाव्या वर्षी त्यांस पुत्र झाला, तो दहा दिवसांतच वारला. स्त्रियांस स्त्रीवैद्य मिळत नाही हे दुःख त्यांनी तेव्हा ओळखले आणि वैद्यकी शिकण्याचे मनात घेतले.

गोपाळरावांनी साहाय्यासाठी कोल्हापूरचे मिशनरी वाइल्डर साहेब यांस लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. ते रोझेल येथील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. आपला वडिलोपार्जित धर्म सोडणार नाही, असे आनंदीबाईंनी स्पष्ट सांगितले होते. तरी त्या ख्रिस्ती बाईने त्यांस लेकीप्रमाणे घरात घेतले.

आमच्या नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली उघडले. त्याच साली, एप्रिल महिन्यात, आनंदीबाई पतीस मागे ठेवून कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या व फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. आता संसार पत्रांवर चालला. पतीच्या पत्रांत कधी धीर असे, तर कधी बोल. त्यातच कडाक्याची थंडी, न मानवणारे अन्न आणि अखंड अभ्यास. देह खंगत गेला, पण अभ्यास सुटला नाही. ता. ११ मार्च १८८६ रोजी त्यांस एम. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु त्या क्षय घेऊनच परतल्या. कामावर रुजू होण्यापूर्वीच ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

बंधुभगिनींनो, पत्नीस शिकविण्याचा गोपाळरावांचा आग्रह घेण्याजोगा आहे, त्यांचा कठोरपणा नव्हे. सून किंवा पत्नी कॉलेजात जात असेल, तर तिची फी भरून आपले कर्तव्य संपत नाही. पाण्याचा हंडा घरातील दुसऱ्याने उचलावा, तिच्या जेवणाची व झोपेची चौकशी करावी. पती शिकत असेल, तर त्यानेही घरी राबणाऱ्या पत्नीस विसरू नये. एकमेकांची ओझी वाहावी, ही आज्ञा अभ्यासाच्या ओझ्यासही लागू आहे.