वसईचा गोन्सालो आणि वाटेवरची मुले



गेल्या रविवारी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही काही पालक आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. जुने बांधकाम, ढासळलेल्या भिंती, वाढलेली झुडपे. त्यामुळे बसमधून उतरताना मोजणी, किल्ल्यात शिरताना मोजणी. तरी जेवण झाल्यावर मोजले, तर दोघे कमी! शोधाशोध केली. दोघे एका पडक्या भिंतीवर उभे राहून फोटो काढत होते. आमचा जीव भांड्यात पडला, पण रागावायचे ते रागावलोच.

मग सगळ्यांना जुन्या जेज्वीट चर्चच्या भग्न दर्शनी भिंतीसमोर बसवले आणि संत गोन्सालो गार्सियांचे चरित्र सांगायला घेतले. दरवर्षी सणाला ऐकतो तेच चरित्र. पण त्या दिवशी ते आम्हालाच वेगळे वाटले.

गोन्सालोचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई या देशातली. याच किल्ल्यात जेज्वीट धर्मगुरूंच्या हाताखाली तो शिकला. पंधराव्या वर्षी फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्याबरोबर तो जपानला निघाला. आमच्यासमोर बसलेली बरीच मुले तेवढ्याच वयाची होती. आपण त्यांना एका दिवसासाठी पाठवताना दहा सूचना देतो. त्या आईने आपला मुलगा समुद्रापार धाडला.

जपानी भाषा गोन्सालोने लवकर आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे त्याने तिथे धर्मशिक्षणाचे काम केले. जेज्वीट संघात प्रवेश मिळावा ही त्याची मोठी इच्छा होती, पण तो मिळाला नाही. हे सांगताना मुले एकदम गप्प झाली. हवे तिथे प्रवेश न मिळण्याचे दुःख त्यांना ठाऊक आहे. गोन्सालो तिथून निघाला आणि व्यापारात उतरला. धंद्याला बरकत आली, पण मन रमले नाही. पुढे फिलिपाईन्समध्ये, मनिला येथे, त्याला फ्रान्सिस्कन संघाने स्वीकारले. तो धर्मगुरू झाला नाही, साधा ब्रदर झाला.

ज्या जपानी भाषेचा आता काही उपयोग नाही असे वाटले असेल, तीच भाषा देवाने कामी आणली. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्याकडे राजदूत म्हणून गेले. दुभाषे म्हणून ब्रदर गोन्सालो त्यांच्यासोबत होते. क्योतो येथे या फ्रान्सिस्कनांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली.

१५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरून संशय वाढला आणि हिदेयोशी यांनी मिशनऱ्यांना पकडण्याचा हुकूम दिला. कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग भर हिवाळ्यात त्यांना क्योतोहून नागासाकीपर्यंत नेण्यात आले. सुमारे ८०० किलोमीटरची वाट, जवळजवळ महिनाभराचा प्रवास. वाटेत आणखी दोघांची भर पडून ते २६ झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेज्वीट आणि सतरा प्रापंचिक.

या २६ जणांत तीन मुले होती. लुईस १२ वर्षांचा, अंतोनियो १३ चा आणि थॉमस १४ चा. लुईसला धर्म सोडल्यास जीव वाचेल असे सांगण्यात आले. त्याने नकार दिला. चाळिशीला टेकलेले आपले ब्रदर गोन्सालो याच मुलांच्या सोबतीने, त्यांची भाषा बोलत, त्या थंडीतून चालले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले.

१६२७ मध्ये त्यांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले पहिले संत ते आपल्या वसईचे.

परतताना बसमध्ये आम्ही पुन्हा मोजणी केली. सगळे होते. मुले सुखरूप घरी पोहोचली म्हणजे आपले काम संपले, असे आजवर वाटत असे. आता वाटते, मोजणी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही. मुलांची भाषा शिकायला हवी आणि वाट अवघड झाली की त्यांच्या बरोबरीने चालायला हवे. भिंतीवर चढलेल्या त्या दोघांना आम्ही रागावलो खरे. पण त्यांच्याशी धड बोललो कधी? पालकहो, येत्या फेब्रुवारीतील सणापूर्वी आपणही घरी हा प्रश्न स्वतःला विचारू या.

संत गोन्सालो गार्सिया, आमच्या मुलांसाठी आणि आम्हा पालकांसाठी विनंती कर.