हाफकिन : उंडेऱ्याची कसोटी आणि मुल्कोवालचा डाग

पोलिओच्या लसीमुळे हाफकिन हे नाव महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी पोहोचले आहे. मुंबईत परळच्या जुन्या राजभवनात असलेली ही संस्था अनेकांनी पाहिलेली असते. मात्र ज्या माणसाच्या नावाने ती ओळखली जाते, तो ना भारतीय होता, ना इंग्रज, ना वैद्यकीय पदवीधर. तो सरकारी सेवेतील जीवाणुशास्त्रज्ञ होता. जिवंत असता माणसाला मारणारा जंतू बाटलीत वाढवायचा, तो पूर्णपणे निष्प्राण करायचा आणि त्याच मृत जंतूला माणसाचा रक्षक बनवायचे, हे त्याचे काम होते. या कामातील यशाची सर्वांत काटेकोर कसोटी बडोद्याजवळच्या एका खेड्यात लागली आणि त्याच कामातील एका दुर्घटनेने त्याच्या कारकिर्दीचा घात केला.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरलेले इल्या मेचनिकॉव्ह तेथे त्यांचे गुरू होते. तो काळ रशियातील ज्यूंसाठी अत्यंत बिकट होता. झारशाहीविरोधी विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्याबद्दल आणि ज्यू वस्तीवरील हल्ल्यांच्या वेळी संरक्षणासाठी पुढे सरसावल्याबद्दल हाफकिन यांना तुरुंगवास घडला. धर्मांतर केले असते तर प्राध्यापकपदाची वाट मोकळी झाली असती, पण ते त्यांनी नाकारले. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. जिनिव्हामार्गे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. संशोधकाची जागा रिकामी नव्हती, म्हणून त्यांनी तेथील ग्रंथालयातील काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत पटकीच्या जंतूंवर अभ्यास सुरू केला.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतः तयार केलेली पटकीची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. युरोपातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ साशंक होते. लशीची खरी परीक्षा पटकीच्या मूळ भूमीतच होऊ शकते, हे जाणून हाफकिन यांनी भारताची वाट धरली. भारताचे माजी व्हाइसरॉय आणि त्या वेळचे पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन यांनी त्यांना साहाय्य केले. १८९३ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. पुढील दोन वर्षांत कलकत्त्याच्या वस्त्यांपासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत फिरून त्यांनी ४०,००० हून अधिक लोकांना लस टोचली. या भटकंतीत त्यांना एक धडा मिळाला. लस घेतलेले आणि न घेतलेले लोक एकाच छपराखाली राहणारे, एकाच तळ्याचे पाणी पिणारे असतील, तरच दोघांची तुलना न्याय्य ठरते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाचे रुग्ण दगावू लागले. हा गाठीचा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते मूळ हडफडे येथील गोमंतकीय डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येर्सिन व कितासातो यांनी शोधला होता. त्यावर लस मात्र नव्हती. सरकारने हाफकिन यांना तातडीने मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी ऑक्टोबरमध्ये काम सुरू केले.

बाहेर सरकारचे निर्जंतुकीकरण जोरात चालू होते. गटारांत कार्बोलिक आम्ल आणि समुद्राचे पाणी सोडले जात होते, भिंतींना चुना फासला जात होता, अंथरूण-पांघरूण जाळले जात होते, छपरे उचकटून घरांत ऊन आणले जात होते. पुण्यात याच कामासाठी गोऱ्या शिपायांना घरांत घुसवण्यात आले. त्यातून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाला, हे आपण जाणतोच. एवढे करूनही साथ हटेना, कारण प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये पिसवांकडे बोट दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. भिंतीवर ओतलेले कार्बोलिक उंदराच्या बिळापर्यंत पोहोचत नव्हते. व्हरांड्यातील प्रयोगशाळेत मात्र निर्जंतुकीकरणाचा एक वेगळाच आणि अधिक नेमका प्रयोग चालला होता.

हाफकिन यांनी मांसरसाने भरलेल्या काचेच्या चंबूंमध्ये प्लेगचे जंतू वाढवले. रसाच्या पृष्ठभागावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांच्या आधाराने जंतू वाढून गुहेतील छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली लोंबू लागत. चंबू हलवला की ते तळाशी पडत आणि नवी वाढ सुरू होई. अशी कित्येक आठवड्यांची वाढ झाली की तो चंबू ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे तासभर तापवला जाई. त्यात प्लेगचे जंतू मरत. मग टिकाऊपणासाठी थोडे कार्बोलिक आम्ल घालून रस बाटल्यांत भरला जाई. कमी तापवावे तर लसच रोग देणार, अधिक तापवावे तर तिचा गुण जाणार. शिवाय मधल्या कोणत्याही टप्प्यावर बाहेरचा दुसरा जंतू आत शिरता कामा नये.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. पुढे नेहमी देण्यात येणाऱ्या मात्रेहून ती कितीतरी मोठी होती. ताप चढला, पण त्यांनी काम थांबवले नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली आणि तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर लशीची पहिली चाचणी झाली. तरुण आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या खोजा समाजालाही प्रवृत्त केले. डॉ. व्हिएगस यांनीही हजारो लोकांना लस टोचली.

गोव्यातील वाचकांना विशेष जवळचा वाटावा असा प्रसंग त्याच वर्षी दमण येथे घडला. दमण तेव्हा गोव्याप्रमाणेच पोर्तुगीज सत्तेखाली होते. तेथील धाकट्या दमणमध्ये प्लेगने हाहाकार माजवला असता हाफकिन यांच्या लशीला पोर्तुगीज प्रशासनाने दार उघडले. तेथील ८,२३० रहिवाशांपैकी २,१९७ जणांनी लस घेतली, ६,०३३ जणांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांपैकी १,४८२ जण, म्हणजे दर चौघांमागे जवळपास एक, मृत्युमुखी पडले. लस घेतलेल्यांपैकी मेले ते ३६. आकडे बोलके असले तरी टीकाकारांना एक पळवाट उरलीच होती. जे आपणहून लस घ्यायला येतात, ते अधिक सुस्थितीतील, अधिक जागरूक असतात. कदाचित ते तसेही वाचले असते, असे म्हणता येत होते.

या आक्षेपाला उत्तर मिळाले बडोदे संस्थानात. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात, बडोदे शहरापासून सुमारे सहा मैलांवर उंडेरा हे खेडे आहे. आज ते वडोदरा शहराला लागून आले आहे. १८९८ च्या प्रारंभी तेथे प्लेग पसरला. फेब्रुवारीत हाफकिन आणि त्यांचे सहकारी सर्जन-मेजर बॅनरमन तेथे गेले. त्यांनी कुटुंबवार याद्या केल्या. मग एकेका कुटुंबाला समोर बोलावून त्यातील निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना वगळले. स्त्री-पुरुष, लहान-थोर, सुदृढ-अशक्त यांची वाटणी दोन्ही बाजूंना शक्य तितकी सारखी राहील, अशी दक्षता घेतली. एकच घर, एकच चूल, एकच अंगण. फरक फक्त लशीचा.

काही आठवड्यांनी घरोघरी जाऊन मोजदाद झाली. लसीकरणानंतर २८ कुटुंबांत प्लेग शिरला होता. त्या कुटुंबांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ जण मेले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना तो झाला आणि ३ जण मेले. लशीमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले होते. सुस्थिती, स्वच्छता, सावधपणा यांपैकी कोणतेही कारण आता पुढे करता येत नव्हते.

आजच्या वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. ज्या अर्ध्यांना वगळले, त्यांचे काय? ती २६ माणसे एका आकडेवारीचा हिशेब पूर्ण करण्यासाठी मेली काय? दमणचा अनुभव हाताशी असताना त्यांना लस नाकारणे आजच्या नीतिनियमांत बसणार नाही. तेव्हा असे नियम नव्हते आणि लशीवरील अविश्वास दूर करणारा दुसरा पुरावाही हाफकिन यांना दिसत नव्हता. पुढे जगभर लाखोंना जे संरक्षण लाभले, त्याच्या पायाशी उंडेऱ्याच्या त्या अनाम गावकऱ्यांचे मरण आहे, याचे स्मरण ठेवणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. हाफकिन तिचे प्रमुख संचालक होते. वैभवाच्या या काळातही त्यांच्याभोवती अविश्वासाचे वातावरण होतेच. लष्करी वैद्यकीय सेवेतील अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना वैद्यकीय पदवी नसलेला, रशियातून आलेला हा ज्यू प्राणिशास्त्रज्ञ खटकत होता.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्रचंड लसीकरण मोहीम आखली आणि परळकडे लशीची अभूतपूर्व मागणी केली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी प्रक्रिया बदलली. लस उष्णतेनेच निर्जंतुक होत असल्याने कार्बोलिक आम्ल वगळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. त्या सर्वांना ५३-एन या एकाच क्रमांकाच्या बाटलीतील लस देण्यात आली होती.

धनुर्वाताचे बीजाणू ७० अंशांच्या उष्णतेला दाद देत नाहीत, हे खरे. म्हणून प्रश्न एवढाच होता की ते बाटलीत शिरले कोठे? परळला, की मुल्कोवालला? मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदापासून दूर व्हावे लागले. ज्या माणसाने एका साम्राज्याच्या प्रजेला प्लेगपासून वाचवण्याचे साधन दिले, तो त्याच साम्राज्याच्या कागदपत्रांत १९ मृत्यूंचा धनी ठरला.

पण चौकशीतील साक्षीपुराव्यातच दुसरे उत्तर दडले होते. मुल्कोवालला बाटली उघडताना बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत धरून निर्जंतुक करण्याऐवजी कार्बोलिकच्या द्रावणात नुसता बुचकळून पुन्हा वापरण्यात आला. खेड्यातील माती हे धनुर्वाताच्या बीजाणूंचे माहेरच होय. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी नव्हती. कित्येक दिवस बंद बाटलीत धनुर्वाताचे जंतू वाढत राहिले असते, तर उग्र वास आलाच असता. वर्षानुवर्षे ही बाजू दुर्लक्षित राहिली. अखेर लंडनमधील प्राध्यापक सिम्प्सन आणि हिवतापाचा मागोवा घेणारे सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा मान्यवर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये हाफकिन यांची जाहीर बाजू घेतली. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

न्याय मिळाला, पण अर्धाच. हाफकिन कलकत्त्याच्या जीवशास्त्रीय प्रयोगशाळेचे संचालक म्हणून भारतात परतले. मात्र माणसांवर नव्या लशींच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना उरली नाही. ज्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, तेच काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती पत्करून ते युरोपला गेले. अविवाहित राहिलेल्या या शास्त्रज्ञाने उत्तरायुष्य धर्मचिंतनात घालवले आणि आपली पुंजी ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा रवाना झाल्या होत्या. १९६४ मध्ये स्वतंत्र भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हाफकिन यांच्या चरित्रातून दोन गोष्टी ध्यानात येतात. उंडेऱ्याने दाखवले की शास्त्रीय सत्य मोठ्या घोषणांतून सिद्ध होत नाही, प्रामाणिक मोजणीतून होते. मुल्कोवालने दाखवले की निर्जंतुकतेची साखळी प्रयोगशाळेच्या दारात संपत नाही. ती शेवटच्या गावातील शेवटच्या मदतनिसाच्या चिमट्यापर्यंत जाते आणि तेथे तुटली तर वरच्या सर्वांचे श्रम धुळीस मिळतात. आपल्या आरोग्य केंद्रात लशीची कुपी उघडून नवी सुई काढणाऱ्या परिचारिकेचा हात सुरक्षित आणि तत्पर असतो, त्यामागे त्या १९ जणांच्या मृत्यूने शिकवलेला धडा आहे.